छापील साल १६००, कागद १६१९चा

जुनी पोथी, जुना नकाशा किंवा ताम्रपट सापडल्याची बातमी आली की एक सूचना हमखास येते: कार्बन डेटिंग करा आणि सोक्षमोक्ष लावून टाका. ताम्रपटालासुद्धा! तांब्यात कार्बन कुठून आणायचा, हे विचारायचे कोणाला सुचत नाही. कार्बन-१४ची पद्धत उत्तमच आहे, पण ती सजीव वस्तू कधी मेली एवढेच सांगते. युरोपातला जुना कागद चिंध्यांचा असे. अळशीच्या धाग्याचे कापड वर्षानुवर्षे अंगावर वापरायचे, पुरते विरले की चिंधीवाल्याला द्यायचे आणि मग त्याचा लगदा व्हायचा. म्हणजे मोजणार ते अळशीच्या रोपाचे वय. त्यात साधारण १५०० ते १६४० या काळात हवेतल्या कार्बन-१४च्या प्रमाणात असे चढउतार झाले की त्या काळातली वेगवेगळी साले या घड्याळात एकमेकांत मिसळून जातात. एखादे पुस्तक १६००चे की १६१९चे, हे त्याला सांगता येत नाही.

आणि नेमका हाच प्रश्न १९०८मध्ये सुटला, तोही कागद उजेडासमोर धरून. कार्बन डेटिंगचा जन्म व्हायला तेव्हा चाळीसेक वर्षे अवकाश होता.

प्रकरण शेक्सपिअरच्या नाटकांचे आहे. त्या काळच्या लंडनमध्ये लेखकाचा स्वतःच्या पुस्तकावर कायदेशीर हक्क नसे. नाटक लिहिले की ते नाटक कंपनीच्या मालकीचे. छापण्याचा हक्क मात्र मुद्रक आणि पुस्तकविक्रेत्यांच्या संघाच्या, म्हणजे १५५७मध्ये सनद मिळालेल्या स्टेशनर्स कंपनीच्या वहीत जो नोंद करील त्याचा. विल्यम जॅगर्ड हा मुद्रक या व्यवस्थेत चांगला मुरलेला होता. १५९९मध्ये त्याने शेक्सपिअरच्या नावावर एक कवितासंग्रह काढला, त्यातल्या वीस कवितांपैकी जेमतेम पाच शेक्सपिअरच्या. पुढे १६१२च्या आवृत्तीत त्याने थॉमस हेवूडच्या कविताही घुसडल्या. हेवूडने ते छापून चव्हाट्यावर आणले आणि शेक्सपिअरही या माणसावर चिडला होता, हेही लिहून ठेवले.

शेक्सपिअर १६१६मध्ये गेला. त्यानंतर त्याची म्हणून दहा नाटके नऊ छोट्या पुस्तकांत बाजारात आली. (त्यातली दोन त्याची नव्हतीच, पण ते असो.) काहींवर साल १६१९, 'मर्चंट ऑफ व्हेनिस' आणि 'मिडसमर नाइट्स ड्रीम'वर १६००, 'किंग लिअर' आणि 'हेन्री द फिफ्थ'वर १६०८. मुद्रक-प्रकाशकांची नावेही वेगवेगळी. तीनशे वर्षे कोणाला संशय आला नाही. उलट 'मर्चंट'च्या १६०० साल घातलेल्या दोन आवृत्त्यांपैकी यातलीच आधीची, असे मोठमोठे संपादक धरून चालले होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्फ्रेड पोलार्ड या जुन्या पुस्तकांच्या अभ्यासकाच्या लक्षात आले की ही नऊ पुस्तके जुन्या बांधणीत एकत्र बांधलेली आढळतात. त्याचा तर्क असा, की जुना न खपलेला माल १६१९च्या नव्या मालाबरोबर बांधून विकला असावा. वॉल्टर ग्रेग या दुसऱ्या अभ्यासकाचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्याने छापील मजकूर बाजूला ठेवून कागद बघायला घेतला.

इथे कागद कसा बनतो ते नीट बघावे लागेल, कारण सगळी गंमत तिथे आहे. लाकडी चौकटीवर पितळी तारा अगदी जवळजवळ, समांतर ताणून बसवलेल्या. त्यांना आडव्या, साधारण बोटभर अंतरावर जाडसर तारा. हा साचा. कारागीर तो लगद्याच्या कढईत बुडवून उचलतो, हलवतो, पाणी निथळते आणि तंतूंचा पातळ थर वर राहतो. साच्यावर एका बाजूला वाकवलेल्या तारेची आकृती शिवलेली असते: सुरई, मुकुट, द्राक्षांचा घड, कारखानदाराची आद्याक्षरे. तारेच्या वर लगद्याचा थर किंचित पातळ पडतो आणि वाळलेला कागद उजेडासमोर धरला की आकृती उजळ दिसते. हे जलचिन्ह. नोटेवरचे आपण बघतोच.

ही आकृती हाताने वाकवलेली आणि हाताने शिवलेली. शिवणीचे टाके कुठे आहेत, सुरईचा कान किती कलला आहे, ती आडव्या तारेपासून किती लांब आहे, हे प्रत्येक साच्याचे निराळे. त्यात साचे जोडीने वापरतात: एकावरचा ओला ताव बनातीवर पालथा पडेपर्यंत दुसरा कढईत. म्हणून प्रत्येक चिन्हाला एक जुळे भावंड असते, सारखे पण तंतोतंत नव्हे. दिवसाला ताव हजारांनी निघतात, आकृतीला सतत धक्के बसतात. तार वाकते, टाका तुटतो, सुरई सरकते. साधारण वर्ष-दीड वर्षात साचा निकामी. म्हणजे एकाच साच्यातून, चिन्हाच्या एकाच अवस्थेत निघालेले ताव हे फार थोड्या काळातले असतात. पुढे ॲलन स्टीव्हन्सन या कागदाच्या अभ्यासकाने याच तत्त्वावर, गुटेनबर्गच्या छापील बायबलाच्याही आधीचा म्हणून मिरवणारा एक प्रार्थनाग्रंथ १४७३चा असल्याचे दाखवून दिले.

ग्रेगला एक अडचण होती. ही पुस्तके क्वार्टो आकाराची, म्हणजे तावाला दोन घड्या घालून चार पाने केलेली. अशा घडीत जलचिन्ह नेमके शिवणीत जाते. अर्धी सुरई एका पानावर, अर्धी दुसऱ्यावर आणि मधला भाग बांधणीने खाल्लेला. ते अर्धे-अर्धे जुळवत बसायचे.

जुळवल्यावर जे दिसले ते असे. छपाईच्या खर्चात कागद हाच सगळ्यात मोठा. तो बहुतेक फ्रान्सहून येई आणि ज्या त्या कामापुरता घेतला जाई. त्यामुळे एका पुस्तकात सहसा एकाच जातीचा कागद सापडतो. या नऊ पुस्तकांत मात्र अनेक जातींचा उरलासुरला माल होता आणि तोच संमिश्र माल १६००, १६०८ आणि १६१९ अशा तिन्ही सालांच्या पुस्तकांतून फिरत होता. तीन अनोळखी माणसांच्या खिशांत, तेही एकोणीस वर्षांच्या अंतराने, तीच सुटी नाणी निघावीत तसे हे झाले. ग्रेगने निष्कर्ष काढला: सगळी पुस्तके एकाच छापखान्यात, १६१९च्या सुमारास छापली आणि जुनी साले मुद्दाम घातली. छापखाना जॅगर्डचा, प्रकाशक थॉमस पेव्हिअर.

शंका घेणारे होतेच. १९१०मध्ये अमेरिकेतल्या विल्यम नाइडिगने शीर्षकपानांचे काटेकोर मापात फोटो काढून त्यांची तुलना केली. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवताना जुळारी शब्दांमधल्या जागा शिशाच्या कोऱ्या तुकड्यांनी हाताने भरतो, त्यामुळे दोन वेगळ्या जुळण्यांत सगळी अंतरे तंतोतंत तीच येणे जवळपास अशक्य. इथे १६०० आणि १६१९ अशा पानांवर काही ओळी व मुद्रकाचे चिन्ह यांच्यातली अंतरे मुळीच बदलली नव्हती. एका पुस्तकाचे शीर्षक छापून झाले की तो फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची घट्ट बांधलेली चौकट, पूर्ण न सोडता नाव आणि साल तेवढे बदलले होते.

खिळ्यांकडे बारकाईने बघण्याचा एक बोगस प्रकारही त्याच सुमारास जोरात होता. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या संग्रहातली तिरपी अक्षरे दोन तऱ्हेची आहेत आणि त्यांत शेक्सपिअरचा समकालीन तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने 'खरा लेखक मी' असा गुप्त संदेश दडवला आहे, असे एलिझाबेथ गॅलपबाईंचे म्हणणे. विल्यम आणि एलिझेबेथ फ्रिडमन या नामांकित संकेतभेदक दांपत्याने १९५७मध्ये त्याची साफ चिरफाड केली. ओलसर कागदावर झिजलेल्या खिळ्यांनी छापले की अक्षरे दोनच काय, वीस तऱ्हेची दिसतात. ग्रेग आणि नाइडिग यांचे निष्कर्ष कोणीही पुन्हा मोजून बघू शकत होता. गॅलपबाईंना दिसणारी अक्षरे फक्त त्यांनाच दिसत.

मग जॅगर्ड-पेव्हिअरनी असे का केले? मे १६१९मध्ये लॉर्ड चेंबरलेनने, म्हणजे राजाच्या बड्या दरबारी अधिकाऱ्याने, स्टेशनर्स कंपनीला कळवले होते की 'किंग्ज मेन' या शेक्सपिअरच्या नाटक कंपनीची नाटके तिच्या संमतीवाचून छापू नयेत. ही बंदी चुकवण्यासाठी नवा माल जुना म्हणून खपवला, ही रूढ समजूत. ती सर्वांना मान्य नाही. कागद कधी छापला हे सांगतो, का छापला हे सांगत नाही.

चार वर्षांनी त्याच 'किंग्ज मेन'च्या दोन नटांनी पुढाकार घेऊन शेक्सपिअरच्या छत्तीस नाटकांचा तो मोठा संग्रह काढला. छपाई जॅगर्डच्याच छापखान्यात झाली. त्यातले 'मिडसमर नाइट्स ड्रीम' जुळाऱ्यांनी कशावरून जुळवले? १६०० साल घातलेल्या त्या १६१९च्या प्रतीवरून, तिच्यातल्या बऱ्याच चुकांसकट.