मुलांच्या हाती प्रयोग : सहभागी रंगभूमीची पार्श्वभूमी

पाळणाघराच्या एका खोलीत मोजक्या तान्ह्या बाळांसमोर होणारा लहानसा प्रयोग, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे शहर उभारणारी कुटुंबे, स्वतः केलेले कागदी कंदील घेऊन रस्त्यावर उतरलेले अख्खे गाव, वर्गातल्या मुलांना निवाडा करायला लावणारे नट : हे सारे आज ‘सहभागी सादरीकरण’ या एकाच नावाने ओळखले जाते. त्याची मुळे मात्र एका जागी नाहीत. काही शिक्षणात आहेत, काही समाजकार्यात, काही खेळाच्या मैदानात, तर काही राजकीय रंगभूमीत. हा सगळा इतिहास एकत्र वाचायचा तर प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न विचारावा लागतो : प्रेक्षकाच्या हाती नेमके काय दिले गेले होते, आणि त्याने अपेक्षेपेक्षा वेगळे काही केले असते तर प्रयोग बदलला असता का?

२७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनमध्ये जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’चा पहिला प्रयोग झाला. त्यात मरणाच्या दारात असलेल्या परीला वाचवायचे असेल तर टाळ्या वाजवा, असे आवाहन थेट प्रेक्षकांना केले जाते. टाळ्या पडल्या नाहीत तर वादकांनी वाद्ये खाली ठेवून टाळ्या वाजवाव्यात, अशी तजवीज आधीच करून ठेवली होती, असे सांगितले जाते. तिची गरज पडली नाही. तो क्षण अतिशय मोहक आहे यात शंका नाही आणि शतकभर मुलांनी तो मनापासून अनुभवला आहे. तरीही परी जगणार हे संहितेत आधीच ठरलेले होते. मुलांना आवाज मिळाला होता, निर्णय मिळाला नव्हता. मुलांच्या नाटकातले ‘सांगा बरं, तो कुठे लपलाय?’ हे आजही ऐकू येणारे प्रश्न याच जातीचे आहेत.

त्याच सुमारास गावाने गावासाठी करायच्या भव्य देखाव्यांची लाट आली. १९०५ मध्ये इंग्लंडमधल्या शेरबर्न गावात लुई पार्कर यांनी सुमारे ९०० रहिवाशांना घेऊन गावाचा इतिहास उघड्यावर सादर केला आणि पुढे अनेक गावांनी त्याचे अनुकरण केले. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९१४ मध्ये अशा देखाव्यात सात हजारांहून अधिक लोक उतरले. वेगवेगळ्या थरांतली माणसे एकत्र काम करतील तर नागरिक म्हणून जवळ येतील, ही त्यामागची श्रद्धा प्रामाणिक होती. पण इतिहास कोणता सांगायचा हे वर बसलेली मंडळी ठरवत आणि हजारो माणसे नेमून दिलेल्या वेशात नेमून दिलेल्या जागी उभी राहत. केवळ आकड्याने सहभाग सिद्ध होत नाही, याचे हे जुने उदाहरण आहे.

याहून शांतपणे, पण खोलवर परिणाम करणारे काम शिकागोच्या हल हाउसमध्ये झाले. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये स्थापन केलेल्या या वस्तीकेंद्रात परदेशांतून आलेल्या कामगारांची कुटुंबे येत. तिथे नीवा बॉइड यांनी सामूहिक खेळांना शिक्षणाचे साधन बनवले आणि त्यांच्याकडे शिकलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी त्या खेळांतून नाट्यखेळ घडवले. भाषा, चालीरीती आणि शिक्षण यांत फार अंतर असलेल्या मुलांना तोंडी सूचना देऊन अभिनय शिकवणे शक्य नव्हते. खेळाचा नियम मात्र सगळ्यांना चटकन कळत असे. स्पोलिन यांचे या पद्धतीवरचे पुस्तक १९६३ मध्ये आले आणि ते उत्स्फूर्त अभिनयाचा पाठ म्हणून गाजले. त्या पद्धतीचा जन्म व्यावसायिक नटांसाठी नव्हे, तर वस्तीतल्या मुलांसाठी झाला होता, हे मला फार मोलाचे वाटते.

रशियात क्रांतीनंतरच्या वर्षांत दोन वाटा फुटल्या. नतालिया साट्स यांनी मॉस्कोत मुलांसाठी व्यावसायिक, दर्जेदार रंगभूमी उभी केली. मुलांना उत्तम नट, उत्तम संगीत मिळाले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता आणि १९३६ मध्ये संगीतकार प्रोकोफिएव्ह यांच्याकडून ‘पीटर आणि लांडगा’ ही संगीतकथा त्यांनीच लिहून घेतली. दुसरी वाट आस्या लात्सिस यांची. ओरिओल शहरात त्यांनी युद्धाने अनाथ आणि बेघर केलेल्या मुलांबरोबर काम केले; तिथे प्रयोगापेक्षा मुलांचे निरीक्षण, त्यांची हालचाल, चित्रे, वाद्ये यांना महत्त्व होते. त्यांच्या कामावरून जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस एक टिपण लिहिले. त्यात प्रयोग हे अंतिम ध्येय नसून मुलांच्या कामातून जवळजवळ अनायास घडणारी गोष्ट मानली आहे. मुलांसाठी उत्तम कला की मुलांची स्वतःची कला, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक नवी कल्पना या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभी असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पीटर स्लेड यांनी मुलांचा खेळ वर्षानुवर्षे बारकाईने पाहिला आणि १९५४ मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली. मुले खेळताना एका दिशेला तोंड करून उभी राहत नाहीत. ती जमिनीवर वर्तुळे करत, पसरत, सगळीकडून खेळतात, असे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे लहान मुलांना कमानी रंगमंचावर उभे करून टाळ्या मिळवण्याला त्यांचा ठाम विरोध होता. त्यांचे सहकारी ब्रायन वे यांनी मार्गारेट फॉक्स यांच्यासह १९५३ मध्ये थिएटर सेंटर ही संस्था काढली आणि नटमंडळी शाळांच्या सभागृहांत जाऊ लागली. मुले चारही बाजूंनी जमिनीवर बसत, नट त्यांच्यामधून ये-जा करत आणि कथेच्या ओघात मुलांकडून आवाज, हालचाल, कल्पना मागितल्या जात. त्यासाठी प्रेक्षकसंख्या मर्यादित ठेवावी लागे आणि मुलांच्या वयानुसार सहभागाचे स्वरूप बदलावे लागे. जागा बदलल्याशिवाय नाते बदलत नाही, हे वे यांनी प्रत्यक्ष कामातून सिद्ध केले. खुर्च्यांच्या रांगांत बसवलेल्या मुलाला ‘भाग घे’ म्हणणे म्हणजे त्याला फक्त ओरडण्याची परवानगी देणे होते.

१९६५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने शाळांसाठी स्वतंत्र चमू नेमला आणि शिक्षणातील रंगभूमी ही चळवळ सुरू झाली. यात काम करणारे लोक नट आणि शिक्षक दोन्ही असत. ते एकेका वर्गाबरोबर बराच वेळ घालवत, त्यातली पात्रे मुलांकडे मदत मागायला येत आणि मुलांना ऐतिहासिक किंवा सामाजिक पेचातून वाट काढावी लागे. न्यूकॅसलमध्ये डोरोथी हीथकोट याच काळात शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरण्याची पद्धत विकसित करत होत्या. त्यांची युक्ती साधी वाटते, पण तिच्यात मोठे धाडस आहे : प्रौढाने जाणूनबुजून कमी माहिती असलेल्या, अडचणीत सापडलेल्या माणसाची भूमिका घ्यायची आणि ज्ञानाचा अधिकार मुलांकडे सोपवायचा. इथे प्रथमच मुलांचा निर्णय पुढच्या प्रसंगाला खरोखर वळण देऊ लागला. या चळवळीचा आधार स्थानिक शिक्षण प्रशासनाचे अनुदान हा होता. १९८८च्या शिक्षण सुधारणा कायद्याने तो पैसा शाळांच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात गेल्यावर अनेक चमू बंद पडले. पद्धत अपुरी ठरली म्हणून नव्हे, तर पैशाची वाट बदलली म्हणून ती आटली, हे लक्षात ठेवायला हवे.

ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांचे काम मुलांसाठी नव्हते, पण त्याचा प्रभाव या क्षेत्रावर मोठा आहे. १९७३ मध्ये पेरूतील साक्षरता मोहिमेत काम करताना एका स्त्रीने सुचवलेला शेवट नटांना तिच्या मनासारखा करता येईना, तेव्हा ती स्वतःच रंगमंचावर आली, अशी आठवण बोआल यांनी नोंदवली आहे. त्यातून प्रेक्षकाने प्रसंग थांबवावा, पात्राची जागा घ्यावी आणि वेगळा मार्ग करून पाहावा, ही रीत तयार झाली. वस्त्यांत आणि युवकांच्या गटांत ती झपाट्याने पसरली. अगदी लहान मुलांबरोबर ती जशीच्या तशी चालत नाही, कारण ती वादावर आणि बोलण्यावर उभी आहे.

लहान मुलांच्या बाबतीत उत्तर बोलण्यात नव्हते, वस्तूंमध्ये होते, आणि ते रंगभूमीबाहेरून आले. १९४३ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, कोपनहेगनजवळच्या एम्ड्रुप येथे कार्ल थिओडोर सोरेन्सेन यांच्या कल्पनेतून भंगार सामानाचे मैदान उघडले, जिथे मुले फळ्या, दोर, विटा घेऊन हवे ते बांधत. उद्यानरचनाकार लेडी अ‍ॅलन यांनी ती कल्पना ब्रिटनमध्ये नेली. १९६८ मध्ये डेन्मार्कचे कलाकार पाले निल्सन यांनी स्टॉकहोमच्या आधुनिक कला संग्रहालयातच असे मैदान उभारले आणि मुलांचा खेळ हेच प्रदर्शन ठरवले. सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये मांडले की एखाद्या परिसरातली सर्जनशीलता तिथे हलवता, जोडता, बदलता येणाऱ्या सुट्या गोष्टी किती आहेत यावर अवलंबून असते. मेलबर्नची, १९७८ मध्ये बाहुलीनाट्य संस्था म्हणून सुरू झालेली पॉलिग्लॉट पुढे हेच सूत्र रंगभूमीत घेऊन आली : हजारो खोकी, सोबत संगीत आणि नट, आणि कुटुंबांनी बांधलेले शहर, जे शेवटी सगळे मिळून पाडतात. नट इथे कथा सांगत नाहीत; ते वातावरण सांभाळतात, वेग वाढवतात, कमी करतात, आणि कोपऱ्यात एकट्या पडलेल्या मुलाला काम देतात. हे कौशल्य अवघड आहे आणि अभिनयाच्या शिक्षणात ते क्वचितच शिकवले जाते.

समूहाच्या बाजूनेही १९६० आणि ७०च्या दशकांत नवे पर्याय आले. पीटर शुमान यांच्या ब्रेड अँड पपेट थिएटरने १९६३ पासून प्रचंड बाहुल्यांच्या मिरवणुका काढल्या आणि प्रेक्षकांबरोबर भाकरी वाटून खाण्याची प्रथा पाडली. अ‍ॅन जेलिको यांनी लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवरून लाइम रेजिस या लहान गावात येऊन १९७८ मध्ये गावकऱ्यांबरोबर ‘द रेकनिंग’ केले. गावाच्या इतिहासाचा शोध गावकऱ्यांनीच घ्यायचा, लेखक आणि दिग्दर्शक मात्र व्यावसायिक असायचे, आणि प्रेक्षकांनी उभ्याने, कलाकारांच्या गर्दीत मिसळून नाटक पाहायचे, अशी त्यांची रचना होती. राजकारण गावाला दुभंगते म्हणून ते टाळावे, या त्यांच्या मतावर मात्र टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. ज्या गावात मतभेद बोलताच येत नाहीत तिथली एकी वरवरची असते. जॉन फॉक्स, स्यू गिल आणि सहकाऱ्यांच्या वेल्फेअर स्टेट इंटरनॅशनल या १९६८ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने जपानमधले दिव्यांचे उत्सव पाहून १९८३ मध्ये अल्व्हरस्टन गावात कंदिलांची मिरवणूक सुरू केली. कुटुंबांनी आधीच्या आठवड्यांत विलो झाडाच्या लवचीक काड्या आणि कागद घेऊन कंदील करायचे, मग अंधारात एकत्र चालायचे. २००६ मध्ये संस्थेने काम थांबवले तरी मिरवणूक चालू राहिली. बाहेरून आलेले कलाकार निघून गेल्यावरही गावाला ती गोष्ट हवीशी वाटते का, यापेक्षा कठोर कसोटी मला माहीत नाही.

सर्वांत लहान प्रेक्षकांकडे रंगभूमीचे लक्ष उशिरा गेले. बोलोन्याच्या ला बाराका या मंडळीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पाळणाघरांत जाऊन तीन वर्षांखालील मुलांसाठी प्रयोग करायला सुरुवात केली. याच सुमारास बालविकासाचे संशोधन बदलत होते. डॅनियल स्टर्न यांनी १९८५ मध्ये दाखवले की आई बाळाच्या भावनेला त्याच लयीत, पण वेगळ्या माध्यमातून प्रतिसाद देते. कॉल्विन ट्रेव्हार्थन आणि स्टीफन मॅलॉक यांनी बाळ आणि प्रौढ यांच्यातल्या संवादात ताल, सूर आणि कथेसारखी चढउतार असलेली रचना शोधली. म्हणजे बाळ रिकाम्या नजरेने पाहत नसते, ते आधीच संवादात असते. स्टॉकहोममध्ये सुझान ओस्टेन यांनी २००६ मध्ये सहा ते बारा महिन्यांच्या बाळांसाठी ‘बेबीड्रामा’ केले. तालमीच्या काळातच बाळांना बोलावून त्यांच्या प्रतिक्रियांवरून प्रयोग घडवला गेला. सहभाग म्हणजे उठून काहीतरी करणे, ही समजूत इथे मोडली. टक लावून पाहणे, मान फिरवणे, आईकडे वळून तिचा चेहरा पाहणे, रांगत पुढे येणे, हे सगळे प्रतिसाद आहेत आणि ते वाचता येणे नटाचे काम आहे.

या वळणाने पालकाचीही जागा बदलली. पूर्वी पालक मुलाला आणणारा, गप्प बसवणारा होता. आता तो बाळाचा आधार आणि त्याच वेळी दुसरा प्रेक्षक ठरला. १९८१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ऑइली कार्टने हा विचार आणखी पुढे नेला. गुंतागुंतीच्या अपंगत्वासह जगणाऱ्या मुलांसाठी त्यांनी वास, स्पर्श, कंपन, उबदार पाण्याचे तलाव, ट्रॅम्पोलिन यांचा वापर करून असे प्रयोग रचले की एका वेळी थोडीच मुले असत आणि प्रत्येक मुलाकडे नट स्वतंत्रपणे जात असे. आपल्या मुलाला कशाने आनंद होतो हे अनोळखी माणसाने शोधून काढलेले पाहणे, हा अशा पालकांसाठी प्रयोगाचा मोठा भाग असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमाने सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा आणि १२व्या कलमाने आपले मत मांडण्याचा मुलांचा हक्क मान्य केला. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर, म्हणजे मुलांचा वापर, शोभेपुरता सहभाग आणि नाममात्र प्रतिनिधित्व यांत, खरा सहभागच नाही असे त्यांनी स्पष्ट लिहिले. १९०४च्या टाळ्या या शिडीवर नेमक्या कुठे बसतील यावर वाद होऊ शकतो, पण देखाव्यांतली गर्दी खालीच राहील. टोरंटोच्या मॅमेलियन डायव्हिंग रिफ्लेक्स या गटाने २००६ मध्ये प्रशिक्षण दिलेल्या मुलांकडून प्रौढांचे केस कापून घेणारा प्रयोग केला, तेव्हा मुलांच्या हाती कात्री होती आणि परिणाम प्रौढाच्या डोक्यावर दिसत होता.

या साऱ्या वाटचालीतली एक अडचण अजून सुटलेली नाही. सहभाग जितका खरा, तितके प्रेक्षक कमी आणि प्रत्येक प्रेक्षकामागचा खर्च जास्त. अनुदान देणाऱ्या यंत्रणा बहुधा डोकी मोजतात. मूठभर बाळांसाठी किंवा सहा मुलांसाठी केलेला प्रयोग त्या हिशेबात नेहमीच महाग दिसतो. म्हणूनच आज या क्षेत्रात काम करणारे लोक नव्या कल्पनांइतकाच वेळ, एका मुलासमोर घालवलेल्या वीस मिनिटांचे मोल कोणत्या मापाने मांडायचे यावर खर्च करत आहेत.