खुळखुळ म्हणजे कुठेतरी फट

भाच्याने गोव्याहून एक जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, गिटार ॲम्प्लिफायर आणला. बारा इंची स्पीकर आणि ॲम्प्लिफायर एकाच प्लायवूडच्या खोक्यात, ४० वॅट, आणि दोघांनी धरल्याशिवाय जिना चढणार नाही इतका जड. पावसाळ्यात ऑर्केस्ट्राला कामं नसतात, म्हणून तो तीन महिने वेंगुर्ल्याच्या घरी माडीवर चादरीखाली पडून होता. चतुर्थीच्या आधी काढून वाजवला, तर जाड तारेवरचा एक सूर लागला की आतून काहीतरी वाजायला लागे. मी ताईकडे पोचलो तेव्हा चहाच्याही आधी हेच कानावर आलं : "मामा, खुळखुळ खंयसून येता ताच गावना नाय." कुठून येते तेच सापडत नाही.

आवाजाला नेमकं नाव दिलं की अर्धं निदान होतं, आणि याबाबतीत मराठी श्रीमंत आहे. गिटारला हात न लावताही येणारी घूंऽऽ म्हणजे वीज. आपल्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांचा, तो एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) करताना १०० हर्ट्झची लहर उरते, ती नीट गाळली गेली नाही की ऐकू येते. खरखर म्हणजे कुठेतरी मळलेला जोड : व्हॉल्व्हच्या पायांशी नाही तर आवाजाच्या बटणात. फर्रर असा फाटका आवाज स्पीकरचा : कागद फाटलेला किंवा आतली कॉइल घासणारी. खडखड लाकडाची, स्क्रूची. किणकिण काचेची किंवा पातळ पत्र्याची. भाचा म्हणाला खुळखुळ, पण ऐकल्यावर मला त्यात दोन आवाज वाटले. थोडी खडखड, जास्त किणकिण.

मोबाइलवर शुद्ध सूर काढणारं एक फुकटचं ॲप उतरवलं आणि मोबाइल गिटारच्या जागी जोडला. ७० हर्ट्झपासून हळूहळू वर चढत गेलो. ११०च्या आसपास खोकं बोलायला लागलं, १२५च्या पुढे गप्प झालं. ११० हर्ट्झ म्हणजे गिटारची खालून दुसरी तार, मोकळी. प्रत्येक सैल वस्तूची स्वतःची एक आवडती कंपनसंख्या असते, आणि तिला तीच मिळाली की ती डोलते. म्हणून दोष एकाच सुराला दिसतो आणि शेजारच्या सुराला लपतो.

दुसरी खूण जास्त बोलकी होती. आवाज तीनवर असताना काहीच नाही, चारवर नेला की एकदम सुरू. हळूहळू वाढत नाही, दार उघडल्यासारखा येतो. याचं कारण साधं आहे. फळीवर नुसती टेकलेली वस्तू फळीबरोबर वरखाली होत राहते, तोवर काही ऐकू येत नाही. फळीचा प्रवेग गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त झाला की ती वस्तू मागे पडते, हवेत सुटते आणि पुढच्या फेरीला आपटते. ११० हर्ट्झला यासाठी फळी मधल्या जागेपासून किती हलावी लागते? मिलिमीटरचा सुमारे पन्नासावा भाग, ०.०२ मिलिमीटर. डोक्यावरचा केससुद्धा याहून जाड. स्पीकरच्या शेजारची प्लायवूडची फळी एवढी सहज हलते.

म्हणजे खुळखुळ हा सूर नव्हे, ती सेकंदाला शंभरावर टकरींची रांग आहे. टक्कर क्षणिक असते, आणि क्षणिक आवाजात उंच कंपनं भरपूर असतात. आपला कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट, त्यामुळे स्पीकरच्या दणक्याच्या मानाने कणभर असलेली किणकिणही वेगळी टोचते.

याच टकरींसाठी मिरजेचा तंबोरा करणारा कारागीर दिवस घालवतो, याची मला नेहमी गंमत वाटते. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे भोपळ्यावरची तारा पेलणारी पट्टी, सपाट-उतरती असते, तिच्यावर तार टेकते-सुटते, आणि मध्ये सुती धाग्याचा जीव सरकवून ती टेक-सूट नेमकी जुळवतात. तीच जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात असताना, १९२१ साली, तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर स्थिर राहणारा स्वरांश (मूळ सुरात मिसळलेला वरचा सूर) आवाजात येऊ नये, असा जुना नियम. तंबोऱ्यात तो खुशाल येतो, कारण तार घोडीशी नुसती बांधलेली नाही, ती घोडीवर आपटत असते. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग आपल्या खोक्यात जवारी आहे म्हणायची. आहे, पण बेसूर.

आता शोध. पहिलं काम ॲम्प्लिफायर उचलून बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, नेणं. याचा कंटाळा करू नये. अनेकदा खोकं निर्दोष असतं आणि वाजत असतं ते घर. आमचंही तसंच झालं : खळ्यात तोच सूर लावला तर खडखड गेली, किणकिण राहिली. खडखड ओटीवरच्या फडताळाच्या चौकटीत सैल असलेल्या काचेची होती.

उरलेली किणकिण विजेची की लाकूड-पत्र्याची, हे ठरवायचं होतं. व्हॉल्व्ह स्वतःसुद्धा हलण्याला दाद देतो. १९०४ साली इंग्रज अभियंता जॉन फ्लेमिंगने दोन अग्रांचा (इलेक्ट्रोडचा) व्हॉल्व्ह केला, दोनेक वर्षांत अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात तारेची जाळी घातली, आणि त्या जाळीमुळेच तो आवाज मोठा करू लागला. तापलेल्या कॅथोडपासून, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या अग्रापासून, जाळी किती अंतरावर आहे यावर सगळं अवलंबून. व्हॉल्व्हला हादरा बसला की हे अंतर सूक्ष्म बदलतं आणि व्हॉल्व्ह त्या हादऱ्यालाच गिटारचा सूर समजतो. अशा व्हॉल्व्हला पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली तर स्पीकरमधून टण् ऐकू येतं. गिटारचा सूर सर्वात आधी घेणारा व्हॉल्व्ह यात जास्त संशयित, कारण त्याची चूक पुढचे सगळे वाढवत नेतात.

दोघांची फारकत करायला भाच्याच्या ऑर्केस्ट्रातला साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणला. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बंद, प्लगही काढलेला, आणि त्याच्या खोक्यातला स्पीकर या दुसऱ्या ॲम्प्लिफायरने वाजवला. ११० हर्ट्झ. किणकिण जशीच्या तशी! व्हॉल्व्ह थंड होते, त्यांच्यात वीज नव्हती, म्हणजे दोष विद्युत नाही. शिवाय आता खोक्यात जिवंत वीज नसताना शोधता येणार होतं.

इथे दोन गोष्टी ठासून सांगतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये ४०० व्होल्टच्या घरात दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) तो साठून राहू शकतो. त्यातून माणूस मरू शकतो. म्हणून आतल्या जोडणीच्या पेटीत हात घालायचा नाही, ते काम जाणत्या मेकॅनिकचं. आणि स्पीकर काढून व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीही वाजवायचा नाही. भार नसला की व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळतो आणि तो जळू शकतो.

मागची फळी काढली. पाणी घालायच्या रबरी नळीचा हातभर तुकडा कापला, एक टोक कानाला, दुसरं खोक्यात फिरवत गेलो. डॉक्टरच्या नळीचंच तत्त्व : दुसऱ्या टोकाजवळचा आवाज थेट येतो, बाकीचा गोंधळ मागे राहतो. हँडल, नावाची पट्टी, स्पीकरचे बोल्ट, सगळे शांत. उलट्या टांगलेल्या दोन मोठ्या व्हॉल्व्हपैकी डाव्यापाशी नळी नेली आणि कान झिणझिणला. बोटाने काच दाबली, आवाज बंद. सोडली, सुरू.

असे व्हॉल्व्ह खाली पडू नयेत म्हणून प्रत्येकाला स्प्रिंगची पकड असते. डावीकडची पकड गंजून ढिली झाली होती आणि तिचं टोक काचेवर आपटत होतं. असाच आवाज व्हॉल्व्हच्या पोटातूनही येऊ शकतो. आतली अग्रं अभ्रकाच्या चकतीने जागेवर धरलेली असतात, ती चकती ढिली पडली तर काचेशी वाजते. मग व्हॉल्व्ह बदलण्यावाचून गत्यंतर नाही. आम्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला, गप्प होता.

तीन महिन्यांत एवढा गंज कसा? वेंगुर्ल्याच्या हवेत समुद्राचं मीठ असतं, ते पत्र्यावर बसतं. मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. कोकणात पावसाळ्याचे महिने हवा बहुतेक वेळ याच्या वरच असते. म्हणजे चादरीखाली त्या स्प्रिंगवर तीन महिने खारं पाणी बसून होतं. प्लायवूडही फुगून-सुकून स्क्रूची भोकं सैल करतं.

नवी पकड बसवली. व्हॉल्व्हला साधं रबर लावायचा मोह टाळला, कारण चालू व्हॉल्व्हची काच बोट भाजेल इतकी तापते आणि रबर टिकत नाही. मागची फळी लावून पुन्हा सूर लावला, तर नवीनच बारीक थरथर! ती आधीही असणार, मोठ्या किणकिणीखाली झाकली गेली होती. मागच्या फळीचे दोन स्क्रू नुसतेच फिरत होते. भोकांत काड्यापेटीच्या काड्या डिंकात बुडवून ठोकल्या, रात्रभर सुकू दिल्या, सकाळी स्क्रू आवळले.

मग ॲम्प्लिफायर ओटीवर आणून भाच्याने दुसरी तार मोकळी छेडली. खोकं गप्प. फडताळ वाजलं. काचेच्या फटीत कालनिर्णयच्या जुलैच्या पानाची घडी सरकवायला गेलो तर ताई आतून म्हणाली, "ती काच माज्या लग्नाआधीपासून वाजता. ऱ्हवांदे ती." मी तरीही घडी सरकवली.