बुजऱ्या माशांना आडोसा द्या

कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून हौसेने आणलेले निऑन टेट्रा घरच्या टाकीत सोडले, की पुष्कळदा ते फिल्टरच्या मागे दडून बसतात आणि खाणे टाकल्यावर तेवढे क्षणभर दिसतात. अशा वेळी मासे नजरेस पडावेत म्हणून टाकीतली झाडे आणि दगड काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. हा उपाय नेमका उलटा आहे. लपायला जागा जितकी कमी, तितका मासा मोकळ्या पाण्यात यायला कचरतो.

बोटाच्या दोन पेरांएवढ्या या माशाला निसर्गात वरून पक्ष्यांचे आणि चहूबाजूंनी मोठ्या माशांचे भय असते. म्हणून उघड्यावर किती वेळ राहायचे, हे जवळचा आडोसा किती दूर आहे यावर ठरते. तो एका झेपेच्या अंतरावर असेल, तर खाणे शोधत बाहेर फिरणे त्याला परवडते. झाडांची दाट जुडी, लाकडाचा ओंडका, पालथी घातलेली मातीची कुंडी यांपैकी काहीही चालते, मात्र ते टाकीच्या एकाच टोकाला न रचता ठिकठिकाणी असावे. मागच्या आणि बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद लावला आणि तळाला पांढऱ्या खडीऐवजी गडद वाळू घातली, तर मासा बराच निर्धास्त होतो.

दुसरा आधार सोबत्यांचा. टेट्रा, रास्बोरा आणि बार्ब हे छोटे मासे थव्याने राहतात, कारण थव्यात पहाऱ्याला अनेक डोळे असतात आणि प्रत्येकाला चरायला अधिक वेळ मिळतो. दोन-तीन मासे म्हणजे थवा नव्हे. किमान 6 हवेत आणि टाकी मोठी असेल तर 10 उत्तम. लाजऱ्या बुटक्या सिक्लिड माशांसाठी जुने पाळणारे आणखी एक युक्ती करतात: टाकीच्या वरच्या भागात डॅनिओंसारखे सतत हिंडणारे मासे ठेवतात. ते निवांत फिरताहेत म्हणजे आसपास शिकारी नाही, असा अंदाज बांधून सिक्लिड गुहेतून डोके बाहेर काढतात.

सोबतीची दुसरी बाजूही आहे. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 मध्ये दाखवून दिले, की मिनो या गोड्या पाण्यातल्या छोट्या माशाची त्वचा फाटली की तिच्यातून एक रसायन पाण्यात उतरते आणि त्याचा वास येताच बाकीचे मासे बिथरतात. टेट्रा, बार्ब आणि लोच यांच्यातही अशी धोक्याची खूण असते. एकाच माशाला जाळीने ओरखडा आला, तरी सगळी टाकी गप्प होऊ शकते. म्हणून मासा हलवताना जाळीत झटापट करण्यापेक्षा त्याला अलगद पेल्यात घेतलेले बरे.

प्रकाशाबाबत माझे मत ठाम आहे: बहुतेक घरगुती टाक्यांत तो गरजेपेक्षा फार जास्त असतो. या माशांना पापण्या नसतात, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत टाकीचा दिवा एकदम लावला की ते दचकून काचेवर आदळतात. आधी खोलीतला दिवा लावावा आणि थोड्या वेळाने टाकीचा. पाण्यावर तरंगणारी झाडे सावली देतात, आणि मुंबईत तर आणखी एक सोय सोसायटीच्या आवारातच उभी असते, ती म्हणजे देशी बदाम. त्याची पाने तांबडी होऊन गळतात. आपोआप गळलेली, पूर्ण वाळून तपकिरी झालेली पाने धुऊन टाकीत सोडावीत. काही दिवसांत ती बुडतात आणि त्यांतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पाण्याला कोऱ्या चहाची छटा येते. निऑन टेट्राच्या मूळ ॲमेझॉन खोऱ्यातले कित्येक ओढेही असेच गर्द पाण्याचे, पानांच्या थराने भरलेले असतात. साधारण 40 लिटर पाण्याला एखाद-दुसरे पान पुरते. जिथे डासांसाठी फवारणी होते किंवा रस्त्याची काजळी बसते, तिथली पाने मात्र घेऊ नयेत.

टाकीची जागाही महत्त्वाची आहे. माशाच्या अंगावरची पार्श्वरेखा, म्हणजे दोन्ही बाजूंनी जाणारी संवेदनशील रेघ, पाण्यातली बारीकशी हालचालही टिपते, आणि जमिनीतून, स्टँडमधून येणारे हादरे तर सरळ पाण्यात पोहोचतात. चाळीतल्या किंवा फ्लॅटमधल्या छोट्या घरात जागेची निवड फारशी नसते हे खरे, तरी टाकी आपटणाऱ्या दारापासून, वॉशिंग मशीनपासून आणि टीव्हीच्या स्पीकरपासून जमेल तेवढी दूर असावी. काचेवर टकटक करण्याची सवय मुलांना लागू देऊ नये. रोज ठरलेल्या वेळी, त्याच कोपऱ्यात थोडेसे खाणे टाकले, तर माणूस जवळ येणे म्हणजे खाणे येणे, हे मासे लवकर शिकतात.

एवढे करूनही मासा दडलेला राहिला, तर पाणी तपासावे. नव्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्ये पचवणारे जिवाणू रुजायला सहसा 4 ते 6 आठवडे लागतात, आणि तोवर मासे आजारी पडू शकतात. पर मिटलेले आणि कल्ले भराभर हलत असतील, तर ते बुजरेपण नाही, त्रास आहे. अशा वेळी क्लोरीन काढलेल्या पाण्याने थोडे पाणी तातडीने बदलावे. कुली लोचसारखे निशाचर मासे मात्र दिवसा लपणारच. त्यांचे खाणे दिवे मालवल्यावर तळाशी टाकावे.