डॉल्फिन, मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरील

मॉरिशस बेटाच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, तामारिनच्या उपसागरापासून दक्षिणेस ल मोर्नपर्यंतच्या पट्ट्यात, सकाळच्या बोटसफरींतून दिसणारे दंतयुक्त तिमी. डेल्फिनिडी कुलातील दोन जाती येथे किनाऱ्यालगत नेहमी आढळतात : हिंद-पॅसिफिक बॉटलनोज (टर्सिऑप्स अडंकस) आणि स्पिनर (स्टेनेला लाँगिरोस्ट्रिस). कोकण-गोव्याच्या सफरींत दिसणारा कुबड असलेला डॉल्फिन (सूसा प्लंबिया) खंडांच्या व मादागास्करच्या उथळ किनाऱ्यांचा. तो येथे शोधू नये.

पहिल्या जातीचे, म्हणजे हिंद-पॅसिफिक बॉटलनोजचे, वर्गीकरण दीर्घकाळ वादग्रस्त होते. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबेर्ख यांनी तांबड्या समुद्रातील नमुन्यावरून तिचे वर्णन केले. त्याचे साल काही ग्रंथ 1832 देतात. 1833 अधिक ग्राह्य वाटते. पुढे बहुतेक अभ्यासकांनी तिला सामान्य बॉटलनोजमध्येच (ट. ट्रंकॅटस; माँटेग्यू यांनी 1821 मध्ये वर्णिलेली जाती) सामावून घेतले. जुन्या प्रवासवर्णनांत व नोंदींत म्हणूनच दोहोंची सरमिसळ आढळते. अडंकसचे मुस्कट तुलनेने लांब व सडपातळ, मणके कमी व दात सहसा अधिक असतात. परंतु ही लक्षणे काही अंशी एकमेकांत मिसळत असल्याने केवळ कवटीवरून निकाल लागेना. 1990 च्या दशकाअखेरीच्या जनुकीय अभ्यासांनंतर ती स्वतंत्र जाती मानली जाऊ लागली. 2007 मध्ये बर्लिनच्या संग्रहालयातील मूळ नमुन्याचाच डीएनए तपासला गेला व तो पूर्व आशियातील नव्हे, तर दक्षिण आफ्रिकेकडील वंशाशी जुळला. त्यामुळे पूर्व आशियातील समूह निराळी जाती ठरतील काय, हा प्रश्न उरतो. पश्चिम हिंदी महासागरातील समूहांना मात्र अडंकस हे नाव निःशंक लावता यावे. बोटीवरून ओळखण्याची खूण पोटावरचे करडे ठिपके. प्राणी वयात आल्यावर ते उमटतात, आणि तो कुशीवर वळला तरच दिसतात.

स्पिनर लहान, सुमारे दोन मीटरचा. गडद पाठ, फिकट करडी कूस आणि पांढरे पोट असे तीन पट्टे; मुस्कट लांब, टोकाला काळे. एका उडीत तो स्वतःभोवती सातपर्यंत गिरक्या घेतो. अंगाला चिकटलेले रेमोरा मासे झटकण्यासाठी तो असे करतो, असे एक मत आहे. हवाईतील केआलाकेकुआ उपसागरात दीर्घ निरीक्षणे करणारे केनेथ नॉरिस यांचा कल मात्र संदेशवहनाकडे होता : अंग आपटल्याचा आवाज व बुडबुड्यांचा लोट यांतून पांगलेल्या कळपाला एकमेकांचा ठाव लागतो. रात्री गिरक्या वाढतात, हे निरीक्षण दुसऱ्या मताला अधिक पोषक आहे. दोन्ही कारणे एकत्र असणेही अशक्य नाही.

स्पिनर रात्री खोल समुद्रातून वर येणारे छोटे मासे व माकुळ खातात आणि दिवसा वाळूच्या तळावरील उथळ उपसागरात विसावतात. फिक्या वाळूवर शार्कची चाहूल लवकर लागते. बोटींची वेळ नेमकी या विश्रांतीच्या वेळेत येते. याच कारणास्तव हवाईत 2021 पासून किनाऱ्याजवळ स्पिनरच्या सुमारे 45 मीटरच्या आत जाण्यास मनाई आहे.

खोल पाण्यात ठिपकेदार डॉल्फिन (स्टे. ॲटेन्यूएटा) क्वचित भेटतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस बेटाच्या किनाऱ्यावर मृतावस्थेत आढळलेल्या सुमारे 50 प्राण्यांपैकी बहुतेक मेलन-हेडेड तिमी (पेपोनोसेफाला इलेक्ट्रा) होते. हीदेखील डेल्फिनिडी कुलातीलच, पण खुल्या समुद्रातील जाती. वृत्तपत्रांनी सरसकट ‘डॉल्फिन’ म्हटल्याने तामारिनचेच कळप मेले असा समज पसरला. त्याच महिन्यात बेटाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ झालेल्या ‘वाकाशिओ’ जहाजाच्या तेलगळतीशी या मृत्यूंचा संबंध जोडण्याबाबत मतभेद आहेत.