शुगरची जखम: बधिर पायाची की रक्त न पोचणाऱ्या पायाची?

‘शुगर आहे, जखम भरायला वेळ लागणारच’ असं म्हणत मुंबईत घरोघरी महिने निघून जातात. पण शुगरची जखम एक नसते. एका प्रकारात पायावरचा भार उतरवावा लागतो, दुसऱ्यात पायापर्यंत रक्त पोचवावं लागतं. हे ओळखण्यात चूक झाली तर आधी बोट जातं, मग पाऊल.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की तळवा बधिर होतो. मंगळवारी सिद्धिविनायकाला अनवाणी निघालेल्याला खडा रुतलेला कळत नाही. घरी आल्यावर लादीवर रक्ताचा ठसा उमटतो तेव्हा समजतं. ही जखम बहुधा तळव्यावर, बोटांच्या मुळाशी होते. भोवती जाड, पिवळट घट्टा असतो. पाऊल ऊबदार, कातडी कोरडी, नाडी हाताला लागते. दुखत नाही, म्हणून माणूस त्याच पायाने दादरचा पूल चढतो-उतरतो आणि जखम पावलागणिक चेचली जाते. मलम कितीही महागडं असो, घट्टा काढून गुडघ्यापर्यंतच्या खास प्लास्टरने किंवा बुटाने भार उतरवल्याशिवाय ती भरत नाही.

रक्तवाहिन्या चोंदल्या की जखम बोटांच्या टोकाला, पावलाच्या कडेला किंवा टाचेवर होते. पाय गार, कातडी चकचकीत. चालताना पोटरीत गोळे येतात, थांबलं की बरं वाटतं. रात्री आडवं झालं की पाय ठणकतो, मग माणूस पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसतो. लोंबता पाय लालसर दिसतो आणि घरच्यांना वाटतं, रक्त छान फिरतंय! इथे काळं पडलेलं बोट घाईने कापलं, तर कापल्याची जखमही भरत नाही. आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास, मग सुरी.

पुष्कळांना दोन्ही एकदम असतं. बधिरपणामुळे रक्त कमी पडल्याचं दुखणंही जाणवत नाही. शिवाय मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे घोट्याजवळ मोजलेलं रक्ताचं प्रेशर खोटंच चांगलं येऊ शकतं. म्हणून पायाच्या अंगठ्याचंही प्रेशर घ्यावं, आणि तळव्याला 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना पाहावी.

हे एकट्या डॉक्टरचं काम नाही. मधुमेहतज्ज्ञ, व्हॅस्क्युलर (म्हणजे रक्तवाहिन्यांचा) सर्जन, ड्रेसिंग करणारी सिस्टर आणि पादत्राण बनवणारा कारागीर, सगळ्यांनी तो पाय एकत्र पाहायला हवा. मुंबईत तज्ज्ञ आहेत. पण एक दादरला, दुसरा परळला, रक्तप्रवाह पाहणारी डॉपलर तपासणी तिसरीकडे, आणि रिपोर्टांची पिशवी घेऊन त्याच जखमी पायाने फिरतो पेशंट. मला हे फार खुपतं. कापायचं ठरण्याआधी नातेवाइकांनी विचारावं: व्हॅस्क्युलर सर्जनने पाय पाहिलाय का?

पसरणारी लाली, पू, घाण वास किंवा ताप असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा. पू मोकळा करणं तेव्हा रक्तवाहिनीच्याही आधी येतं.