सामाजिक मूकपट आणि खानदेश

सामाजिक मूकपट : १९२० नंतरच्या दशकात पौराणिक चित्रपटांच्या जोडीने पुढे आलेला मूक कथापटांचा प्रकार. कर्ज, घराण्याची अब्रू आणि अडलेले लग्न या तीन गोष्टी त्यात बहुधा एकाच गहाणखताला बांधलेल्या असत. कागदावर अंगठा उठतो, शेत जाते, भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा उरत नाही आणि ठरलेली सोयरीक मोडते. संवाद ऐकू येत नसल्याने ही पडझड डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंतूनच सांगावी लागे : खतावणी, उतरवलेली पाटली, दारावरचे कुलूप. उरलेले काम पडद्यावरच्या पाट्या करीत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणीतरी त्या मोठ्याने वाची. साथीला पेटी-तबला असे.

मराठी मुलखातील ठळक उदाहरण ‘सावकारी पाश’ (१९२५) हे होय. ना. ह. आपटे यांच्या कथेवरून बाबूराव पेंटर यांनी तो कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काढला. सावकाराने जमीन गिळल्यावर शहरात जाऊन गिरणी कामगार होणारा तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी रंगवला. अंधुक उजेडातली एक झोपडी आणि कुत्र्याचे रडणे चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या आठवणीत कायमचे राहिले. मूकपटातले कुत्रे ‘ऐकू’ यावे, ही पेंटरांची खरी करामत. पौराणिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकांत मात्र चित्रपट फारसा चालला नाही. १९३६ मध्ये त्याचा बोलपट निघाला.

ही कथा खानदेशातली नव्हे, पण तिच्यातला हिशेब इथे कोणाला समजावून सांगावा लागला नसता. अमेरिकन यादवीच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, तशी शेतकऱ्याची पत वाढली आणि उधारीही. भाव कोसळले; कर्ज तेवढे राहिले. पेरणीला उचल घ्यायची आणि वेचणी होताच कापूस त्याच खात्यावर घालायचा, हा क्रम कपाशीच्या गावांत अंगवळणी पडला होता. शेत सुटलेल्याला गिरणीसाठी मुंबईच गाठावी लागे असेही नाही : जळगावला खानदेश मिल होती, अमळनेरला प्रताप मिल.

बहुतेक मूकपट ज्वालाग्राही नायट्रेट फितीवर असल्याने नष्ट झाले. पुढे बोलपटांच्या काळात रेल्वे जंक्शनमुळे भुसावळ चित्रपट वितरणाचे मोठे ठाणे बनले. फितींचे डबे तिथून खानदेश, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या थिएटरांकडे जात.