हिवाळ्यात आधी कुंडी सांभाळावी

शिकागोत जपानी मेपल अंगणातल्या जमिनीत लावले, तर ते बहुतेक हिवाळे निभावून नेते; त्याच वाणाचे झाड त्याच अंगणात कुंडीत ठेवले, तर एखाद्या कडक जानेवारीत दगावते. हवा दोघांनाही सारखीच लागलेली असते, पण मुळांना लागलेली थंडी सारखी नसते, आणि कुंडीतली झाडे जगवण्याचा विचार तिथूनच सुरू करावा लागतो. प्रत्यक्षात मात्र अनेक जण फांद्यांना हौसेने कापड गुंडाळतात आणि कुंडी उघडीच ठेवतात.

थंड प्रदेशातल्या झाडाचा वरचा भाग हिवाळ्याची तयारी बरीच आधी सुरू करतो. दिवस लहान होऊ लागले की वाढ थांबते, कळ्या सुप्तावस्थेत जातात, पेशींमधले शर्करेचे प्रमाण वाढते आणि पुढे कडाका पडला की पेशींतले पाणी हळूहळू बाहेर सरकून पेशींच्या मधल्या जागेत गोठते, त्यामुळे पेशीच्या आत बर्फ होऊन ती फाटण्याची वेळ येत नाही. मुळांची तयारी इतकी खोलवर जात नाही. माती ऊबदार असली तर ती शरद ऋतूतही वाढत राहतात, आणि जमिनीच्या पोटात त्यांना फार कडक थंडी कधी सोसावी लागलेली नसल्यामुळे ती सोसण्याची ताकदही त्यांच्यात बेताचीच असते. सुप्तावस्थेतल्या जपानी मेपलच्या फांद्या उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी सहन करतात, तर त्याची मुळे उणे १० अंशांच्या सुमारास मरू लागतात. त्यातही कोवळी मुळे आधी जातात. आपले द्राक्षबागायतदार जिला ‘पांढरी मुळी’ म्हणतात आणि जिच्यावर पाणी व अन्न शोषण्याची मुख्य भिस्त असते, ती कुंडीच्या कडेला, भिंतीला चिकटून वाढते, म्हणजे सर्वांत नाजूक मुळे नेमकी सर्वांत गार जागी असतात.

जमिनीत ही अडचण येत नाही, कारण जमीन हा उष्णतेचा प्रचंड साठा आहे. काही मीटर खोलीवर तिचे तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास स्थिर असते. हिवाळ्यात पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते ते याचमुळे. शिकागोत ही सरासरी सुमारे १० अंश आहे. ३० जानेवारी २०१९ रोजी तिथली हवा उणे ३१ अंशांपर्यंत उतरली होती, परंतु खालून येणारी उष्णता आणि वरून बर्फाचे पांघरूण यांमुळे जमिनीतली मुळे अशा दिवशीही हवेपेक्षा पुष्कळच सुरक्षित असतात. कठड्यावर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवलेल्या कुंडीचा या साठ्याशी संबंधच तुटलेला असतो. तिला चहूबाजूंनी आणि खालूनही वारा लागतो, व एका कडक रात्रीत तिच्यातली माती हवेइतकी थंड होऊ शकते.

कुंडीभोवती बबल रॅप किंवा गोणपाट गुंडाळून काम भागले असे समजणे त्यामुळेच फसवे ठरते. गोधडी माणसाला ऊब देते, कारण माणसाचे शरीर सतत उष्णता निर्माण करत असते. झाड तशी उष्णता निर्माण करत नाही. गुंडाळलेली कुंडी निवते, फक्त उशिरा निवते. एखाद्या थंड रात्रीपुरता हा उशीर मोलाचा असतो, पण थंडीची लाट आठवडाभर टिकली तर त्याने फारसे काही साधत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे कुंडी स्टँडवरून उतरवून जमिनीवर टेकवणे, आणि शक्य असेल तर खड्डा करून ती काठापर्यंत मातीत पुरणे. माझ्या मते याला तोड नाही. ते जमत नसेल तर घराच्या उत्तर किंवा पूर्व भिंतीशी सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, नाजूक झाडे मध्ये घ्यावीत आणि वरून-बाजूने पाचोळ्याचे किंवा पेंढ्याचे जाड आच्छादन द्यावे. दक्षिणेची भिंत टाळावी, कारण तिथे दिवसा उन्हाने माती वितळते, रात्री पुन्हा गोठते, आणि ही उलटसुलट मुळांना फार जाचते. कुंडी मोठी असणेही उपयोगाचे असते: सर्व मापे दुप्पट केली की माती आठपट होते, पण उष्णता गमावणारा पृष्ठभाग चौपटच वाढतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२३ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेला थंडीच्या पट्ट्यांचा नकाशा १९९१ ते २०२० या काळातल्या वार्षिक नीचांकी तापमानांच्या सरासरीवर आधारलेला आहे. कुंडीसाठी झाड निवडताना आपल्यापेक्षा दोन पट्टे अधिक थंड प्रदेशात टिकणारे निवडावे, असा बागकाम करणाऱ्यांचा ठोकताळा आहे.

पाण्याबाबत बराच गैरसमज आढळतो. एक लिटर पाणी शून्य अंशावर गोठताना जेवढी उष्णता बाहेर टाकते, तेवढीच ८० अंशांचे एक लिटर पाणी शून्यापर्यंत निवताना टाकते. म्हणून ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा उशिरा गोठते आणि लाट येण्याआधी पाणी देणे हिताचे असते. निफाड परिसरात पारा घसरला की पहाटे द्राक्षबागेला पाणी सोडतात, त्यामागेही पाण्यातली उष्णता वापरण्याचाच हेतू असतो. सदाहरित झाडांना तर पाणी हवेच, कारण त्यांची पाने हिवाळ्यातही वाऱ्याने सुकत असतात आणि माती गोठलेली असताना मुळांना ती तूट भरून काढता येत नाही. पाणी साचू मात्र देऊ नये: गोठताना ते सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि भाजक्या मातीची कुंडी तडकते.

व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात वास्तुविशारद ज्यूल आर्दुआँ-मांसार याने संत्र्यासारख्या झाडांसाठी हिवाळी दालन बांधले. ते वरच्या बागेच्या खाली, जाड भिंतींचे आणि दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या असलेले आहे. लाकडी पेट्यांमधली हजाराहून अधिक झाडे आजही तिथे हिवाळा काढतात. तिथेही मुख्य आधार जमिनीचा आणि दगडाचाच. घराला लागून असलेले, हीटर नसलेले गॅरेज हे आपल्यापुरते तसलेच दालन होय. पानगळीच्या झाडांना तिथे उजेडाचीही गरज नसते. तीन-चार आठवड्यांनी माती पाहून थोडे पाणी पुरते. मेपल किंवा सफरचंद दिवाणखान्यात मात्र आणू नये, कारण कळ्या नीट उमलण्यासाठी त्यांना थंडीचे काही आठवडे मिळावेच लागतात.

परदेशातल्या मराठी घरांत जिवापाड जपल्या जाणाऱ्या कढीपत्त्याचा हिशोब अगदी वेगळा आहे. तो उष्ण प्रदेशातला. रात्रीचे तापमान १० अंशांकडे झुकू लागले की त्याला घरात घ्यावे, सर्वांत उजेडाच्या खिडकीशी ठेवावे आणि पाणी कमी करावे. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळीची कीड पडते, म्हणून पानांच्या मागच्या बाजू अधूनमधून ओल्या फडक्याने पुसाव्यात. सगळी पाने गळली तरी घाईने फेकू नये. नखाने साल किंचित खरवडावी, खाली हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे.

मुळांचे नुकसान कळते ते फार उशिरा. एप्रिलमध्ये फांद्यांतल्या साठ्यावर कळ्या फुटतात, पालवी येते, आणि मे महिन्यात ऊन तापताच सगळे झाड माना टाकते. अशा वेळी पाणी वाढवू नये. मातीचा गोळा कुंडीतून अलगद बाहेर काढावा. कडेची मुळे तपकिरी, मऊ झालेली असतील, बोटांनी ओढताच त्यांची साल निसटून आत नुसता दोरा उरत असेल, तर ती मेलेली आहेत. गोळ्याच्या आत पांढरी मुळे सापडली तर मेलेला भाग कापून टाकावा, झाड लहान कुंडीत बसवावे, फांद्या थोड्या छाटाव्यात आणि नवी मुळी फुटेपर्यंत ते सावलीतच ठेवावे.